घटक ४ : खेळाडूचे चरित्र – कर्ट फ्लड यांची कारकीर्द

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलपटू कर्ट फ्लड यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा परिचय होईल.
• खेळाडू आणि संघमालक यांच्यातील ‘राखीव कलम’ म्हणजे काय, हे सांगता येईल.
• फ्लड यांनी लढविलेल्या खटल्याची कारणे, त्याचा निकाल आणि त्यानंतरचे बदल स्पष्ट करता येतील.
• खेळाडूचे चरित्र वाचताना आकडेवारी आणि जीवनमूल्य यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

संत, समाजसुधारक, राजकीय नेते, लेखक यांची चरित्रे मराठीत विपुल आहेत. त्या मानाने खेळाडूंची चरित्रे कमी आहेत. खेळाडूचे चरित्र लिहिणाऱ्यासमोर आणि वाचणाऱ्यासमोरही एक विशेष अडचण असते. खेळाडूच्या कामगिरीचा हिशेब आकड्यांत आधीच मांडून ठेवलेला असतो. किती सामने, किती धावा, किती झेल, किती विजेतेपदे, हे सारे नोंदवहीत असते. त्यामुळे आकडे सांगून झाले की चरित्र सांगून झाले, असा समज सहज होतो.

कर्ट फ्लड यांचे जीवन हा समज तपासून पाहण्यास उपयुक्त आहे. ते उत्तम खेळाडू होते, हे आकड्यांवरून सिद्ध होते. परंतु त्यांचे नाव आज ज्या कारणासाठी घेतले जाते, ते कारण या आकड्यांत कोठेही सापडत नाही. ते कारण एका पत्रात आणि एका खटल्यात आहे, आणि तो खटला ते हरले. हरलेल्या खटल्यामुळे एखाद्या माणसाची कारकीर्द मोठी कशी ठरते, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ खेळ आणि करार : पार्श्वभूमी

बेसबॉल हा अमेरिकेचा लोकप्रिय खेळ आहे. क्रिकेटप्रमाणे याही खेळात चेंडू टाकणारा, चेंडू फटकावणारा आणि क्षेत्ररक्षक असतात. फटका मारल्यावर फलंदाजाला चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील तळ क्रमाने गाठावे लागतात. चारही तळ पूर्ण केले की एक धाव मिळते. मैदानाच्या मागील भागात तीन क्षेत्ररक्षक असतात. त्यांपैकी मधल्या क्षेत्ररक्षकाला सर्वांत मोठा प्रदेश राखावा लागतो. फ्लड हे या मधल्या जागेचे खेळाडू होते. बेसबॉलमध्ये फलंदाजाला दहांपैकी तीन वेळा यशस्वी फटका मारता आला तरी तो चांगला फलंदाज मानला जातो, हेही येथे ध्यानात ठेवावे.

आता कराराकडे वळू. १८७९ मध्ये संघमालकांनी आपसांत असे ठरविले की, प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू ‘राखून’ ठेवावेत आणि त्यांना दुसऱ्या संघाने घेऊ नये. पुढे ही पद्धत सर्वच खेळाडूंना लागू झाली आणि खेळाडूच्या ठरावीक करारनाम्यात तिचे एक कलम झाले. हेच राखीव कलम होय. करार एका वर्षाचा असे. पुढील वर्षाच्या पगारावर एकमत झाले नाही, तर जुन्याच अटींवर तो करार आणखी एक वर्ष वाढविण्याचा अधिकार संघाला असे.

वरवर पाहता हे कलम एका वर्षापुरते वाटते. परंतु संघमालकांचे म्हणणे असे की, ‘जुन्याच अटी’ यांमध्ये हे मुदतवाढीचे कलमही येते. म्हणजे करार एकदा वाढला की तो पुढच्या वर्षी पुन्हा वाढविता येईल, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. या अर्थाने खेळाडू जन्मभर एकाच संघाचा बांधील होई. संघाने त्याला ठेवावे, काढावे, विकावे किंवा दुसऱ्या खेळाडूच्या बदल्यात द्यावे. खेळाडूच्या हाती मात्र दोनच गोष्टी उरत. सांगितले तेथे खेळावे किंवा खेळ सोडावा.

आपल्यापैकी जे नोकरी करतात, त्यांना बदलीचा अनुभव असेल. परंतु नोकरीतील बदली आणि बेसबॉलमधील अदलाबदल यांत महत्त्वाचा भेद आहे. बदलीमध्ये गाव बदलते, मालक तोच राहतो. शिवाय राजीनामा देऊन त्याच व्यवसायात दुसरीकडे नोकरी शोधण्याची मोकळीक असते. येथे मालकच बदलत असे आणि आपला मालक निवडण्याची मुभा खेळाडूला कधीच मिळत नसे.

४.३.२ घडण : ओकलंड ते सेंट लुईस

कर्ट फ्लड यांचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे झाला. त्यांचे बालपण मात्र कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात गेले. तेथे जॉर्ज पॉवेल्स या गोऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली अनेक कृष्णवर्णीय मुले खेळ शिकली. फ्रँक रॉबिन्सन आणि व्हाडा पिन्सन हे पुढे नावाजलेले खेळाडू याच परिसरातले. फ्लड अंगाने लहानखुरे होते. परंतु त्यांचे पाय वेगवान होते आणि चेंडूची दिशा ओळखण्याची दृष्टी तीक्ष्ण होती.

१९५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सिनसिनाटी संघाने त्यांना वर्षाला ४,००० डॉलर पगारावर करारबद्ध केले आणि अनुभवासाठी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील दुय्यम संघात पाठविले. ओकलंडच्या मुलाला दक्षिणेकडील वर्णभेदाची खरी ओळख येथे झाली. गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर उपाहारगृहात बसण्यास त्यांना मज्जाव होता. संघ जेवायला उतरला की त्यांना मागच्या दाराशी जावे लागे. प्रेक्षकांच्या शिव्या तर रोजच्याच होत्या. दक्षिणेतील त्या दिवसांचा एक प्रसंग त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. एका दिवशी लागोपाठ दोन सामने होते. मधल्या वेळात सर्वांनी घामाने भिजलेले गणवेश धुण्यासाठी एका ढिगात टाकले. कामगाराने फ्लड यांचा गणवेश काठीच्या टोकाने उचलून बाजूला काढला आणि कृष्णवर्णीयांच्या धुलाईघराकडे पाठविला. गोरे खेळाडू मैदानात परतले, तरी फ्लड आपले कपडे येण्याची वाट पाहत बसून होते.

या परिस्थितीतही त्या वर्षी त्यांनी ०.३४० सरासरीने फलंदाजी केली आणि २९ वेळा चेंडू मैदानाबाहेर टोलविला. परंतु १९५७ च्या डिसेंबरात सिनसिनाटीने त्यांना सेंट लुईस कार्डिनल्स या संघाला देऊन टाकले. त्या वेळी त्यांच्या वयाला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ही त्यांची पहिली अदलाबदल. तिला त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

४.३.३ मैदानावरील बारा हंगाम

१९५८ ते १९६९ असे सलग बारा हंगाम फ्लड कार्डिनल्सकडून खेळले. क्षेत्ररक्षणातील श्रेष्ठतेसाठी दिला जाणारा ‘गोल्ड ग्लव्ह’ हा पुरस्कार त्यांनी १९६३ पासून १९६९ पर्यंत ओळीने सात वेळा मिळविला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्यांच्या हातून क्षेत्ररक्षणाची एकही चूक झाली नाही. १९६५ ते १९६७ या काळात त्यांनी लागोपाठ २२६ सामने बिनचूक क्षेत्ररक्षण केले. १९६४ मध्ये २११ यशस्वी फटके मारून ते रोबेर्तो क्लेमेंते यांच्यासह आपल्या लीगमध्ये अग्रस्थानी राहिले. १९६४ आणि १९६७ मध्ये त्यांच्या संघाने ‘वर्ल्ड सिरीज’ हे सर्वोच्च विजेतेपद पटकाविले.

१९६८ मध्येही संघ अंतिम फेरीत पोहोचला. डेट्रॉइट टायगर्सविरुद्धची मालिका सातव्या आणि निर्णायक सामन्यापर्यंत गेली. सामन्याच्या सातव्या डावापर्यंत दोन्ही संघांची पाटी कोरी होती. अशा वेळी जिम नॉर्थरप यांनी मारलेला चेंडू फ्लड यांच्या दिशेने आला. त्याचा अंदाज घेताना ते आधी पुढे आले, मग मागे वळताना त्यांचा पाय घसरला. चेंडू डोक्यावरून गेला आणि दोन धावा झाल्या. टायगर्सनी सामना ४–१ असा जिंकला. सात वर्षे देशातील उत्कृष्ट क्षेत्ररक्षकांत गणल्या गेलेल्या खेळाडूच्या वाट्याला ही एक चूक आली आणि ती अनेकांच्या स्मरणात राहिली. खेळाडूच्या कीर्तीचे हे स्वरूपही अभ्यासकाने ध्यानात घ्यावे.

मैदानाबाहेरही फ्लड गप्प बसणारे नव्हते. १९६२ च्या फेब्रुवारीत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे नागरी हक्कांसाठी भरलेल्या सभेला ते जॅकी रॉबिन्सन यांच्यासह उपस्थित होते. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील अलामो या गावी त्यांनी घर भाड्याने घेतले. भाडेकरू कृष्णवर्णीय आहे हे कळताच घरमालकाने विरोध केला. फ्लड यांनी न्यायालयाचा आदेश मिळविला आणि ते त्या घरात राहावयास गेले. पुढील मोठ्या खटल्याची मनोभूमिका या घटनांतून तयार होत होती.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. राखीव कलमाची पद्धत कोणत्या वर्षी सुरू झाली?
२. फ्लड मैदानावर कोणत्या जागी खेळत?
आ) रिकाम्या जागा भरा.
१. फ्लड यांनी लागोपाठ ........ सामने बिनचूक क्षेत्ररक्षण केले.
२. १९५७ च्या अखेरीस फ्लड ........ या संघाकडे गेले.

४.३.४ एक दूरध्वनी आणि एक पत्र

७ ऑक्टोबर १९६९ रोजी कार्डिनल्सने फ्लड यांच्यासह चार खेळाडू फिलाडेल्फिया फिलीज या संघाला देऊन त्यांच्या बदल्यात तीन खेळाडू घेतले. बारा वर्षे ज्या संघाची सेवा केली, त्या संघाच्या मालकाने वा मुख्य व्यवस्थापकाने ही गोष्ट त्यांना स्वतः सांगितली नाही. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने दूरध्वनीवरून ती कळविली. फ्लड यांचे घर, मित्रमंडळी, व्यवसाय सारे सेंट लुईसमध्ये होते. त्यांचे वय ३१ होते. १९६९ चा त्यांचा पगार ९०,००० डॉलर होता आणि फिलीज संघ जवळपास एक लाख डॉलर देण्यास तयार होता. पैशाची तक्रार करावी अशी स्थिती मुळीच नव्हती.

फ्लड यांनी खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांची भेट घेतली. मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी फ्लड यांना आशेला लावले नाही. खटला लढविल्यास जिंकण्याची शक्यता अत्यल्प आहे, तो वर्षानुवर्षे चालेल, खेळण्याचे दिवस निघून जातील आणि पुढे प्रशिक्षक वा व्यवस्थापक म्हणूनही कोणी जवळ करणार नाही, हे सारे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यातून इतर खेळाडूंचा लाभ होईल काय, असे फ्लड यांनी विचारले. होईल, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी लढण्याचे ठरविले.

डिसेंबर १९६९ मध्ये पोर्तो रिकोतील सॅन हुआन येथे खेळाडू संघटनेच्या प्रतिनिधींची बैठक झाली. कृष्णवर्णीय असल्यामुळे तुम्ही हे पाऊल उचलत आहात काय, असा प्रश्न तेथे फ्लड यांना विचारण्यात आला. कृष्णवर्णीय म्हणून आपल्याला अन्याय अधिक जाणवतो हे खरे, परंतु हे कलम प्रत्येक खेळाडूला बांधते आणि आपण एक खेळाडू म्हणून लढत आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. प्रतिनिधींनी एकमताने त्यांना पाठिंबा दिला.

२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लड यांनी बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. पत्र लहान होते आणि त्याचा सूर संयत होता. बारा वर्षांच्या सेवेनंतर आपण आपल्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करावी अशी मालमत्ता आहोत, असे आपल्याला वाटत नाही, हा त्याचा गाभा होता. इतर संघांचे प्रस्ताव विचारात घेण्याचा आपला हक्क असून आपण उपलब्ध आहोत हे सर्व संघांना कळवावे, अशी विनंती त्यांनी केली. आयुक्तांनी फ्लड माणूस आहेत, मालमत्ता नव्हेत, हे मान्य केले. परंतु हे तत्त्व या प्रकरणाला कसे लागू होते, हे आपल्याला दिसत नाही असे कळविले आणि विनंती नाकारली.

पुढे दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत, वर्षाला ९०,००० डॉलर मिळविणाऱ्याने अशी भाषा का करावी, असा प्रश्न आला. भरपूर पगार मिळाला तरी गुलाम हा गुलामच राहतो, असे फ्लड म्हणाले. या शब्दप्रयोगाने अनेक लोक दुखावले. मराठी वाचकाला ‘गुलाम’ या शब्दाचे वजन परिचित आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. गुलामी कायद्याने संपल्यानंतर शंभर वर्षांनी त्याच देशातील एका श्रीमंत खेळाडूला तो शब्द वापरावा असे का वाटले, याचा विचार केला पाहिजे. फ्लड यांची तुलना हालअपेष्टांशी नव्हती. माणसाच्या संमतीवाचून त्याचा व्यवहार करता येतो, या एका गोष्टीपुरती ती होती.

४.३.५ खटला आणि निकाल

१६ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्क येथील संघराज्य न्यायालयात खटला दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी फ्लड यांचे वकीलपत्र घेतले. १८९० च्या मक्तेदारीविरोधी कायद्यानुसार स्पर्धा दाबणारे करार बेकायदेशीर ठरतात, म्हणून राखीव कलमही बेकायदेशीर आहे, हा मुख्य युक्तिवाद होता.

वाटेत मोठा अडसर होता. बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे, म्हणून हा कायदा त्याला लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये दिला होता. १९५३ मध्ये तो कायम ठेवला गेला. मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल या खेळांना मात्र न्यायालयाने अशी सूट दिली नाही. अशा रीतीने एकटा बेसबॉल कायद्याबाहेर राहिला होता.

मे–जून १९७० मध्ये साक्षी झाल्या. निवृत्त खेळाडू जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग यांनी फ्लड यांच्या बाजूने साक्ष दिली. मात्र त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. नुसता येऊन न्यायालयात बसलाही नाही. मालकांचा रोष ओढवून घेण्याची भीती त्यामागे होती. ऑगस्टमध्ये निकाल फ्लड यांच्या विरुद्ध गेला. १९७१ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लड यांचे अपील फेटाळले. कार्डिनल्सची मालकी असलेल्या कंपनीचे समभाग आपल्याकडे असल्यामुळे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निर्णयात भाग घेतला नाही. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिले. बेसबॉल हा राज्याराज्यांमधील व्यापारच आहे आणि त्याला मिळालेली सूट विसंगत आहे, हे त्यांनी मान्य केले. तरीही ही सूट इतकी जुनी आहे की, ती दूर करावयाची तर कायदेमंडळाने करावी, असे मत त्यांनी दिले. मतभेद नोंदविणाऱ्यांत न्यायमूर्ती डग्लस, ब्रेनन आणि मार्शल होते. १९५३ मध्ये आपण बहुमताच्या बाजूने होतो याचा पुढे पश्चात्ताप झाला, अशी प्रांजळ कबुली डग्लस यांनी दिली.

४.३.६ मोजलेली किंमत

खटल्यासाठी फ्लड १९७० चा संपूर्ण हंगाम खेळले नाहीत. १९७१ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्स संघाने १,१०,००० डॉलरवर त्यांना बोलाविले. परंतु एक वर्षाचा खंड, न्यायालयाचा ताण, निनावी धमकीपत्रे, आर्थिक अडचणी आणि वाढते मद्यपान यांनी खेळाडू खचला होता. १३ सामन्यांत त्यांना सातच यशस्वी फटके मारता आले. एप्रिल संपण्यापूर्वी मालकाला तार करून ते निघून गेले. वय होते ३३.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर मद्यालय चालविले. पुढे ते ओकलंडला परतले. १९७८ मध्ये ओकलंड संघाच्या सामन्यांचे रेडिओ समालोचन त्यांनी केले. त्यांच्या योग्यतेचा खेळाडू एरवी एखाद्या संघात प्रशिक्षक झाला असता. मिलर यांनी सांगितलेले भविष्य अक्षरशः खरे ठरले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) योग्य पर्याय निवडा.
१. फ्लड यांनी आयुक्तांना पत्र लिहिले तो दिवस – (क) ७ ऑक्टोबर १९६९ (ख) २४ डिसेंबर १९६९ (ग) १९ जून १९७२
२. फ्लड यांचे वकील – (क) मार्विन मिलर (ख) बोवी कून (ग) आर्थर गोल्डबर्ग
आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. न्यायमूर्ती पॉवेल यांनी निर्णयात भाग का घेतला नाही?

४.३.७ पराभवानंतर काय बदलले?

येथे अभ्यासकाने सावधपणे विचार करावा. ‘फ्लड यांच्यामुळे खेळाडू मुक्त झाले’ असे विधान पुष्कळदा केले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, कारण न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली होती. प्रत्यक्ष बदल वेगळ्या मार्गाने घडला.

१९७० मध्ये खेळाडू संघटना आणि मालक यांच्यात झालेल्या सामूहिक करारानुसार वाद स्वतंत्र लवादाकडे नेण्याची तरतूद झाली. १९७५ चा हंगाम अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोन गोलंदाज नव्या करारावर सही न करता खेळले. हंगाम संपल्यावर, मुदतवाढीचे एक वर्ष पूर्ण झाले, आता आपण मोकळे आहोत, असा दावा करण्यात आला. वाद लवाद पीटर साइट्झ यांच्यापुढे गेला. २३ डिसेंबर १९७५ रोजी त्यांनी निर्णय दिला की, एक वर्षाची मुदतवाढ म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झ यांना लगेच कामावरून दूर केले आणि न्यायालयात धाव घेतली. परंतु तेथे निर्णय कायम राहिला. १९७६ च्या सामूहिक करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला आपला संघ निवडण्याचा हक्क मिळाला. जवळजवळ शंभर वर्षे चाललेली पद्धत एका वाक्याच्या सरळ वाचनाने कोसळली. भाषेच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

मग फ्लड यांचा वाटा कोणता? एक, त्यांच्या खटल्यापूर्वी राखीव कलम हा बेसबॉलचा स्वाभाविक नियम मानला जाई. खटल्यामुळे तो प्रश्न वृत्तपत्रांत आणि घराघरांत पोहोचला. दोन, या कलमाचे समर्थन करणे किती अवघड आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातूनच उघड झाले. तीन, १९७३ च्या करारात असा नियम आला की, दहा वर्षे सेवा झालेल्या आणि त्यांतील शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूची अदलाबदल त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. हा नियम फ्लड यांच्याच नावाने ओळखला जातो. तो १९६९ मध्ये असता, तर त्यांना फिलाडेल्फियाला पाठविताच आले नसते.

१९९४–९५ च्या संपाच्या काळात खेळाडूंच्या सभेत फ्लड बोलावयास उभे राहिले, तेव्हा नव्या पिढीतील खेळाडूंनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. १९७० मध्ये न्यायालयातील बाके रिकामी होती. ते दृश्य आठवले की या स्वागताचा अर्थ कळतो. २० जानेवारी १९९७ रोजी, ५९ व्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी, लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांना घशाचा कर्करोग झाला होता. २७ ऑक्टोबर १९९८ रोजी ‘कर्ट फ्लड कायदा’ संमत झाला आणि प्रमुख लीगमधील खेळाडूंना सेवेच्या अटींबाबत मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण मिळाले. दुय्यम संघांतील खेळाडूंना मात्र त्यातून वगळले गेले. ज्या दुय्यम संघांत फ्लड यांनी सुरुवात केली, त्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

४.३.८ चरित्राच्या दृष्टीने मूल्यमापन

फ्लड यांच्या नावावर १,८६१ यशस्वी फटके, ८५ होमरन आणि ०.२९३ ही सरासरी आहे. हे आकडे खोटे नाहीत, निरुपयोगीही नाहीत. फ्लड यांनी काय पणाला लावले, हे आकड्यांमुळेच कळते. सामान्य, उतरणीला लागलेल्या खेळाडूने खटला केला असता, तर गमावण्यासारखे त्याच्यापाशी फारसे काही नसते. येथे कारकिर्दीच्या भरात असलेल्या माणसाने पुढील काही वर्षे जाणीवपूर्वक सोडून दिली. त्याला धोक्याची कल्पना आधी दिलेली होती.

मात्र असे चरित्र लिहिताना नायकाची मूर्ती घडविण्याचा मोह होतो. फ्लड यांचे मद्यपान, कर्ज, अर्ध्यावर सोडलेला हंगाम या गोष्टी लपविल्या, तर चरित्र गुळगुळीत होईल आणि त्यागाची खरी किंमत वाचकाला कळणार नाही. धैर्य म्हणजे न मोडणे असे आपण मानतो. फ्लड मोडले, तरी त्यांनी खटला मागे घेतला नाही. चरित्रकाराने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या पाहिजेत.

४.४ सारांश

कर्ट फ्लड हे सेंट लुईस कार्डिनल्सचे नामवंत क्षेत्ररक्षक होते. १९६९ मध्ये संमतीशिवाय झालेली अदलाबदल त्यांनी नाकारली आणि राखीव कलमाविरुद्ध खटला लढविला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. त्यांची कारकीर्द संपली आणि वैयक्तिक जीवनाची हानी झाली. पुढे १९७५ च्या लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना मोकळीक मिळाली. तो निर्णय फ्लड यांच्या खटल्याचा थेट परिणाम नव्हता. परंतु प्रश्न उभा करण्याचे आणि त्याची किंमत मोजण्याचे काम त्यांनी केले होते. ज्या हक्काचा लाभ त्यांना स्वतःला झाला नाही, त्यासाठी त्यांनी आपली खेळण्याची वर्षे दिली, हे त्यांच्या कारकिर्दीचे मर्म आहे.

४.५ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

राखीव कलम – खेळाडूला त्याच्या संघाशी बांधून ठेवणारे करारातील कलम.
अदलाबदल – एका संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्याबदल्यात खेळाडू घेणे.
लवाद – वादात निर्णय देण्यासाठी दोन्ही पक्षांनी मान्य केलेली त्रयस्थ व्यक्ती.
सामूहिक करार – संघटनेने सर्व सभासदांच्या वतीने मालकांशी केलेला करार.
होमरन – चारही तळ एकाच फटक्यात पूर्ण करून देणारा फटका.
संयत – आवरलेला, मर्यादा राखणारा.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) १. राखीव कलमाची पद्धत १८७९ मध्ये सुरू झाली. २. फ्लड मैदानाच्या मागील भागात मधल्या जागी खेळत. आ) १. २२६ २. सेंट लुईस कार्डिनल्स
प्रश्न २ : अ) १. (ख) २. (ग) आ) १. कार्डिनल्सची मालकी असलेल्या कंपनीचे समभाग त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांनी निर्णयात भाग घेतला नाही.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. राखीव कलमाचे स्वरूप सांगून फ्लड यांनी त्याला विरोध का केला, ते स्पष्ट करा.
२. ‘फ्लड खटला हरले, तरी त्यांचा लढा व्यर्थ गेला नाही’ या विधानाची साधक-बाधक चर्चा करा.

आ) टीपा लिहा.
१. फ्लड यांचे आयुक्तांना पत्र २. १९७५ चा लवादाचा निर्णय ३. खेळाडूचे चरित्र आणि आकडेवारी

इ) उपक्रम
१. आपल्या परिसरातील एखाद्या निवृत्त खेळाडूची किंवा कामगाराची भेट घ्या. त्यांच्या कामगिरीचे आकडे आणि त्यांनी घेतलेला एखादा कठीण निर्णय, या दोहोंची नोंद करून दोन पानांचे चरित्रात्मक टिपण लिहा. ते वाचून दाखवून त्यांची संमती घेतल्यानंतरच अभ्यासकेंद्रात सादर करा.